कुणी कुणाला प्रवृत्त केलं?

१८७१ सालचा एक खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतो. वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, एक विधवा सती जायला निघाली. काही माणसं तिच्यामागून चितेपर्यंत गेली, तिच्याजवळ उभी राहिली आणि 'राम राम' म्हणत राहिली. आपण तिला 'राम राम म्हण, म्हणजे तू सती होशील' असं सांगितल्याचं त्यांतल्या एकाने कबूलही केलं. उच्च न्यायालयाने या माणसांना आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल दोषी धरलं.

आता दुसरा खटला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातलं एक प्रकरण आलं. घरगुती भांडणात एकाने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला 'जा, मर' असं सुनावलं. दोन दिवसांनी त्या नवऱ्याने आत्महत्या केली. मागे सापडलेल्या चिठ्ठीत मेव्हण्याला जबाबदार धरलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मेव्हण्यावरचं आरोपपत्रच रद्द केलं.

रामनाम घेणारे दोषी ठरले आणि उघडउघड 'मर' म्हणणारा सुटला. वरवर पाहता हा न्याय उलटा वाटतो. पण प्रवृत्त करणं याचा कायद्यातला अर्थ समजून घ्यायचा, तर हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत असं मला वाटतं. 'आत्महत्येस प्रवृत्त केल्याप्रकरणी गुन्हा दाखल' ही ओळ आपण वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचतो की ती वाचली म्हणजे दोषी कोण ते कळलं, असा आपला समज होऊन बसला आहे. खरं तर कायद्याचं काम त्या ओळीपाशी सुरू होतं.

फौजदारी कायद्यात दुसऱ्याला गुन्ह्यासाठी प्रवृत्त करण्याला 'अपप्रेरणा' म्हणतात. तिची व्याख्या आधी भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये आहे. अपप्रेरणेच्या वाटा तीन: चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि जाणूनबुजून मदत करणं. दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ साली केला, कायदा १८६० साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. या कायद्याची खुबी म्हणजे त्यातली छोटी छोटी उदाहरणं. नियम सांगून तो थांबत नाही, 'अ' आणि 'ब' अशी माणसं उभी करून प्रसंग रंगवतो, आणि ती माणसं नव्या संहितेतही जशीच्या तशी वावरताना दिसतात.

त्यांतला एक प्रसंग असा. एका अधिकाऱ्याकडे एका माणसाच्या अटकेचं वॉरंट आहे. समोरून येणारा माणूस तो नव्हे, हे एका तिसऱ्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तो अधिकाऱ्याला सांगतो, 'हाच तो.' अधिकारी त्या निरपराध माणसाला पकडतो. सांगणाऱ्याने कुणाला हात लावला नाही, आग्रहही केला नाही, फक्त दोन शब्दांचं खोटं बोलला. कायद्याच्या दृष्टीने ती चिथावणीच झाली. जी गोष्ट उघड करणं आपल्यावर बंधनकारक आहे, ती मुद्दाम दडवून दुसऱ्याकडून काही करवून घेणंही त्यातच येतं. म्हणजे प्रवृत्त करायला चढा आवाज लागत नाही. प्रसंगी मौनसुद्धा पुरतं.

दुसरा प्रसंग त्याहून धक्का देणारा आहे. 'अ' हा 'ब'ला 'क'चा खून करायला सांगतो. 'ब' साफ नकार देतो. खून होत नाही, कुणाला खरचटतही नाही. तरीही 'अ' हा खुनाच्या अपप्रेरणेचा गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिसऱ्या प्रसंगात एक माणूस लहान मुलाच्या हाती विष देतो आणि अमुक एकाच्या जेवणात घाल म्हणून सांगतो. मूल चुकून शेजारच्या ताटात घालतं. मुलाला गुन्हा समजण्याचं वय नाही, म्हणून ते सुटेल. सांगणारा मात्र सुटत नाही. 'मी ज्याला मारायला सांगितलं तो मेलाच नाही' हा बचाव त्याला मिळत नाही, कारण ताट बदलण्याची चूक त्या परिस्थितीत सहज होण्यासारखी होती.

या तिन्ही प्रसंगांत कायदा एकाच दिशेला बघतो. अधिकारी भोळा होता, 'ब' खंबीर होता, मूल अजाण होतं. ज्याला प्रवृत्त केलं त्याच्या मनात काय चाललं होतं, याच्याशी इथे कर्तव्य नाही. प्रश्न एवढाच की, सांगणाऱ्याच्या मनात काय होतं.

दिवाणी कायद्यात गेलं की हे सगळं उलटं होतं. भारतीय करार कायदा १८७२ चा. करार टिकायचा असेल तर संमती मोकळी हवी, असं तो सांगतो. धाकाने, दडपणाने, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती मोकळी नसते. यांतल्या चुकीच्या माहितीबद्दल कायदा म्हणतो की, माहिती देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी समोरचा तिच्यामुळे फसगतीने करारात ओढला गेला असेल, तर त्याला करार मोडता येतो. म्हणजे इथे बोलणाऱ्याचं मन बाजूला राहिलं. ऐकणाऱ्याची संमती कशातून आली, हे महत्त्वाचं ठरलं.

हा मुद्दा करार कायद्यातल्या निळीच्या कारखान्याच्या उदाहरणात लख्ख दिसतो. कारखान्याचा मालक खरेदीदाराला थाप मारतो की, इथे वर्षाला ५०० मण नीळ निघते. खरेदीदार तिच्यावर विसंबून कारखाना घेतो. त्याला करार मोडता येईल. पण समजा, खरेदीदाराने आधी कारखान्याच्या वह्या तपासल्या, त्यांत ४०० मणच दिसले, आणि तरीही त्याने कारखाना घेतला. आता करार मोडता येणार नाही. मालक खोटं बोललाच, ते दोन्हीकडे सारखंच आहे. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी खरेदीदार त्या खोट्यामुळे प्रवृत्त झाला नाही. ज्या खोट्याने समोरच्याचं मन हललंच नाही, त्या खोट्याला करार कायद्यात किंमत नाही. जमीन, फ्लॅट किंवा चालता धंदा विकत घेणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावं. कागद आपण स्वतः पाहिले असतील, तर 'त्याने मला असं सांगितलं होतं' या तक्रारीचं बळ बरंचसं निघून जातं.

मन नुसतं थापेने हलत नाही, कोंडीनेही हलतं. १८८९ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेली गोष्ट तेरा वर्षांच्या विधवेची होती. तिचा नवरा वारला. मृतदेह घरात होता, आणि अमुक मुलगा दत्तक घेतल्याशिवाय तो बाहेर काढू देणार नाही, असं नातलगांनी तिला बजावलं. तिने दत्तकाला संमती दिली. न्यायालयाने ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक मानलं नाही. त्या घरातली ती रात्र डोळ्यांसमोर आणली, तर 'सही तुझीच आहे ना?' हा प्रश्न किती निर्दय असू शकतो ते कळतं. त्याच न्यायालयापुढे १९१७ साली आलेल्या प्रकरणात नवऱ्याने बायकोला आणि मुलाला धमकी दिली होती की, माझ्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून द्या, नाहीतर मी जीव देईन. त्यांनी लिहून दिलं. आत्महत्येची धमकी हा धाकच आहे, असं बहुमताने ठरलं आणि तो दस्त टिकला नाही.

आपल्याकडे बहिणींकडून वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत गावोगाव आहे. बऱ्याचदा ते राजीखुशीने होतं. पण 'सही केली नाहीस तर माहेर तुटलं' असं सांगून घेतलेल्या सहीकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो. एकाची दुसऱ्यावर हुकमत चालते असं नातं असेल आणि व्यवहार उघडच एकतर्फी असेल, तर संमती दडपणाने घेतलेली नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं हुकमत चालवणाऱ्यावर येतं. असा दस्त रद्द करून मागायचा, तर ज्यामुळे तो रद्द होऊ शकतो ती हकिगत कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जावं लागतं. ही मुदत फार जणींच्या हातून निसटते.

निळीची गोष्ट दंड संहितेतही येते, फसवणुकीच्या कलमात. नीळ देण्याचा मुळीच इरादा नसताना आगाऊ पैसे घेतले, तर ती फसवणूक. पैसे घेताना इरादा खरा होता आणि पुढे कबुली पाळली नाही, तर तो करारभंग. पैसे वसूल करायला दिवाणी दावा लावा, पण फौजदारी गुन्हा नाही. फसवणुकीचा गुन्हा ठरायला दोन्ही मनं तपासावी लागतात. एकाच्या मनात सुरुवातीपासून लबाडी होती का, आणि दुसऱ्याने त्या लबाडीला भुलूनच पैसे दिले का? पैसे बुडालेला माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि 'हा दिवाणी वाद आहे' हे उत्तर ऐकून चिडतो, त्याचं मूळ इथे आहे. देतेवेळचा इरादा सिद्ध करणं खरोखर अवघड असतं.

महाराष्ट्राने ही अडचण ओळखून १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा केला. मुळात न झेपणारी, व्यवहारात टिकूच न शकणारी आश्वासनं देऊन ठेवी घेतल्या आणि त्यामुळे पैसे परत करता आले नाहीत, तर ते कपटानेच बुडवले असं हा कायदा धरून चालतो. दामदुप्पट योजनेच्या चालकाला 'माझा हेतू चांगला होता हो' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आश्वासनाचं स्वरूपच त्याच्या हेतूचा पुरावा ठरतं. सामान्य माणसाची आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली असताना हे पाऊल योग्यच होतं, असं माझं ठाम मत आहे.

निवडणूक कायद्याची रीत आणखी निराळी. अमुक एकाला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराला पटवणं, इतकंच काय, पटवण्याचा प्रयत्न करणंही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. पंजाबातल्या एका पंथाच्या गुरूने अनुयायांना मतदानाचा हुकूम सोडला, तेव्हा १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. गुरूने आपलं मत सांगायला हरकत नाही. शिष्याला निवडीला जागाच उरणार नाही अशी आज्ञा करायला आहे. आरोपीच्या कबुलीजबाबालाही असंच कुंपण आहे. अधिकारपदावरच्या माणसाने 'खरं सांग, तुला सोडवतो' असं आमिष दाखवून काढलेली कबुली न्यायालयात चालत नाही.

आता पुन्हा त्या दोन खटल्यांकडे येऊ. आत्महत्येला प्रवृत्त करण्याचा गुन्हा पूर्वीचं कलम ३०६, आताचं कलम १०८. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. या गुन्ह्यात दोन्ही मनं पाहावी लागतात आणि त्यांतलं एक कायमचं मिटलेलं असतं. ज्याची साक्ष सर्वांत मोलाची, तोच साक्ष द्यायला नसतो. म्हणून न्यायालयांनी या गुन्ह्याची कसोटी कडक केली आहे.

ती कसोटी २००१ सालच्या छत्तीसगडच्या एका प्रकरणात नीट मांडली गेली. नवराबायकोचं भांडण झालं, नवरा म्हणाला, 'तू मोकळी आहेस, जा कुठे जायचं तिथे.' बायकोने जीव दिला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, चिथावणी म्हणजे एखाद्याला विशिष्ट कृत्याकडे ढकलणं, डिवचणं, उद्युक्त करणं. परिणाम घडावा असं मनात नसताना रागाच्या भरात निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. नवरा या आरोपातून सुटला, पण पत्नीच्या छळाबद्दलची शिक्षा कायम राहिली. निकालाचा हा दुसरा भाग लोक विसरतात. प्रवृत्त केलं नाही म्हणजे काहीच केलं नाही, असा त्याचा अर्थ नाही.

मेव्हण्याच्या प्रकरणात याच कसोटीने 'जा, मर' हे शब्द टिकले नाहीत. ते भांडणात निघाले होते, मध्ये दोन दिवस गेले होते, आणि त्या शब्दांमागे खरोखर मरण घडवण्याचा हेतू असल्याचं काही दिसत नव्हतं. उलट १८७१ मध्ये चितेपाशी उभ्या असलेल्यांचे शब्द पवित्र होते, पण त्या जागी, त्या क्षणी त्यांचा अर्थ एकच होत होता: पुढे हो. त्या बाईला मागे फिरायचं असतं तरी त्या जयघोषातून वाट कुठे होती? कायदा शब्दकोशातला अर्थ बघत नाही. ते शब्द कुणी, कुठे, किती वेळा आणि कशासाठी उच्चारले, हे बघतो.

किती वेळा, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. एकच वाक्य सहसा पुरत नाही, पण दिवसामागून दिवस चाललेला छळ पुरतो. हरियाणातल्या एका गावात एका तरुणीची काही जण सतत छेड काढत, चारचौघांत तिचा अपमान करत. तिने आत्महत्या केली. त्यांतल्या कुणी तिला 'मर' म्हटल्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. दुसरा रस्ताच उरू नये अशी अवस्था कुणी सातत्याने निर्माण करत असेल, तर तीही चिथावणीच, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्यांची शिक्षा कायम केली.

काही ठिकाणी मात्र कायद्याने मन तपासण्याचा हा खटाटोप जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. ४ डिसेंबर १८२९ च्या सतीबंदीच्या नियमात बेंटिंक यांच्या सरकारने लिहिलं की, सतीला मदत करणारे दोषी आहेत, मग ती स्वखुशीने गेलेली असो वा नसो. स्वखुशीचा प्रश्न एकदा उघडला असता तर प्रत्येक चितेभोवतीच्या गर्दीने 'ती आपल्या मनाने गेली' असंच सांगितलं असतं. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराला गावी सतीची घटना घडली आणि देश हादरला. त्यानंतर त्याच वर्षी आलेल्या कायद्याने याहून पुढे जाऊन एकेक कृती नोंदली. सती गेल्याने तिला किंवा नवऱ्याला पुण्य लाभेल असं पटवणं, तिचा निश्चय ढळू नये म्हणून धीर देणं, मिरवणुकीत सामील होणं, वाचू पाहणाऱ्या बाईला अडवणं, हे सगळं प्रवृत्त करण्यातच मोजलं. ही यादी वाचताना जाणवतं की, ती करणाऱ्यांनी गर्दीचं दडपण कसं काम करतं ते फार बारकाईने पाहिलं होतं.

विवाहित स्त्रियांबाबत १९८३ साली असाच एक आधार दिला गेला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत पत्नीने आत्महत्या केली आणि सासरी छळ होत होता हे सिद्ध झालं, तर पती किंवा त्याच्या नातलगांनी तिला प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 'धरू शकतं', धरलंच पाहिजे असं नाही. छळ आधी सिद्ध व्हावा लागतो. नुसता सात वर्षांचा हिशेब कामाला येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच गुन्ह्याबद्दल पोलिसांना बजावलं. कर्जाच्या वसुलीसाठी तगादा लावणाऱ्या एका अधिकाऱ्यावरचा खटला त्यांच्यापुढे होता. थकलेलं कर्ज मागणं हा त्याच्या कामाचा भाग होता, असं म्हणून न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं आणि सांगितलं की, केवळ शोकाकुल कुटुंबाचं समाधान व्हावं म्हणून हे कलम यंत्रवत लावू नये. हे बजावणं मला योग्य वाटतं, पण ते अर्धंच आहे. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हे कलम लागावं असं वाटतं, कारण त्याआधीच्या छळाची दखल कुणी घेतलेली नसते. मरणानंतरचा गुन्हा सिद्ध होणं कठीण, आणि जिवंतपणीच्या तक्रारी टेबलावर पडून. यातून आरोपी सुटतो, आणि तो निर्दोष होता की पुरावा नव्हता हे कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगायचं आहे. धमकी देणं, पत्नीचा छळ करणं, एखाद्या स्त्रीचा सतत पाठलाग करणं हे आज, आत्ता, स्वतंत्र गुन्हे आहेत. ते सिद्ध करायला कुणाचा जीव जाण्याची गरज नाही. तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ही वेळ आली असेल, तर तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या, फोनवरचे संदेश पुसू नका, आणि सही करायला भाग पाडत असतील तर आधी वकिलाशी बोला. आणि ज्याला आता पुढे काहीच दिसत नाही, त्याने किंवा त्याच्या माणसांनी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती 'टेली-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, विनामूल्य आणि चोवीस तास सुरू.